चूक कीपरची, खातं बॉलरचं

१७ एप्रिल २०२५. वानखेडे. हैदराबादच्या १६२ धावांचा पाठलाग मुंबई करत होती. सातव्या षटकात झीशान अन्सारी या लेगस्पिनरच्या चेंडूवर रायन रिकल्टनचा फटका पॅट कमिन्सच्या हातात गेला. रिकल्टन २१ धावांवर निघाला आणि मैदानाच्या कडेपर्यंत पोचला. तिथं चौथ्या पंचांनी त्याला थांबवलं. नो-बॉल!

झीशानचा बूट जागेवरच होता. पुढं गेले होते ते हेन्रिक क्लासेनचे ग्लोव्हज. स्टंपांच्या मागं राहायचं, एवढं एकच काम ज्या ग्लोव्हजना नियमानं नेमून दिलंय, ते थोडेसे स्टंपांच्या पुढं डोकावले. रिकल्टन परत आला, मुंबईला फ्री हिट मिळाली, पठ्ठ्यानं आणखी दहा धावा केल्या आणि मग बाद झाला. सामना मुंबईनं जिंकला.

आता त्या रात्रीचं स्कोअरबुक उघडा. विकेट गेली कुणाची? झीशानची. नो-बॉलची धाव कुणाच्या नावावर? झीशानच्या. क्लासेनच्या नावावर काय? काही नाही. माणूस ग्लोव्हज काढून, हात धुऊन जेवायला बसला.

नियम साधा आहे. क्रिकेटच्या कायद्यातलं २७वं कलम विकेटकीपरचं. त्यातलं तिसरं पोटकलम सांगतं की चेंडू बॅटला किंवा बॅट्समनला लागेपर्यंत, किंवा स्टंप ओलांडेपर्यंत, किंवा बॅट्समन धाव घ्यायला निघेपर्यंत कीपर पूर्णपणे स्टंपांच्या मागं हवा. ‘पूर्णपणे’ म्हणजे अंगही आणि अंगावरचं सामानही. ग्लोव्हजचं एक बोट पुढं आलं तरी हिशेब चुकला. आणि हे बघायचं काम आहे लेग अंपायरचं, म्हणजे बॅट्समनच्या बाजूला स्क्वेअर लेगला उभ्या असलेल्या त्या गृहस्थांचं, ज्यांच्याकडं प्रेक्षक स्टंपिंग आणि रनआउट सोडून कधी ढुंकून बघत नाहीत.

राजकोटला ७ नोव्हेंबर २०१९ रोजी ऋषभ पंतनं हाच पराक्रम केला होता. युजवेंद्र चहलनं बांगलादेशच्या लिटन दासला पुढं खेचलं, पंतनं बेल्स उडवल्या, सगळे नाचले. रिप्लेत दिसलं की पंतनं चेंडू स्टंपांच्या पुढंच पकडलाय. नो-बॉल, वर फ्री हिट. लिटन तेव्हा १७वर होता. थोड्या वेळानं पंतनंच त्याला २९वर धावबाद केलं, तेव्हा सगळे म्हणाले, बघा, चूक भरून काढली! भरून काढली, पण कुणाच्या खिशातून? चहलच्या पृथक्करणात तो नो-बॉल तसाच राहिला. धावबादचं श्रेय पंतला.

हे कुणी खोडसाळपणानं केलेलं नाही. कायद्याच्या २१व्या कलमात स्वच्छ लिहिलंय की नो-बॉलची धाव बॉलरच्या नावे टाकायची. पाय कुणाचा, हात कुणाचा, याची चौकशी नाही. मालक गावात नसला तरी शेतसारा सातबाऱ्यावरच्या नावानंच निघतो, तसं.

वानखेडेनंतर वरुण चक्रवर्तीनं जाहीरपणे विचारलं की कीपरचे ग्लोव्हज पुढं आले तर डेड बॉल द्या, कीपरला ताकीद द्या, पण नो-बॉल आणि फ्री हिट कशाला? बॉलरनं केलं काय? वरुण स्वतः स्पिनर आहे, त्यामुळं कळवळा समजण्यासारखा. गंमत अशी की हा माणूस पोरवयात विकेटकीपरच होता. म्हणजे साक्षीदार दोन्ही पक्षांचा.

त्याचं दुखणं खरं आहे, पण औषध चुकलं. डेड बॉल म्हणजे चेंडू झालाच नाही. समजा ग्लोव्हज पुढं होते आणि बॅट्समननं त्याच चेंडूवर सिक्सर हाणला. डेड बॉल दिला की तो सिक्सरही गेला. चूक कीपरची, नुकसान बॅट्समनचं, फायदा परत कीपरच्याच संघाचा. क्रिकेटचे कायदे लिहिणाऱ्या लंडनच्या एमसीसीला हे उशिरा का होईना कळलं होतं. चेंडू येत असताना कीपर किंवा दुसरा क्षेत्ररक्षक लबाडीनं जागा बदलू लागला तर पूर्वी नुसता डेड बॉल व्हायचा. ऑक्टोबर २०२२पासून त्याला पाच धावांचा दंड जोडला, तो याच कारणासाठी, की बॅट्समनचा चांगला फटका फुकट जातो. तेव्हा नो-बॉल राहू द्या. फ्री हिटही राहू द्या. फक्त बिल ज्याचं त्याला पाठवा.

पण पाठवायचं कुठं? कीपरला पत्ताच नाही. स्कोअरबुकात त्याचे कॅच लिहिले जातात, स्टंपिंग लिहिलं जातं. बाय गेल्या तर त्या अवांतरात जमा होतात, म्हणजे बेवारस. कॅच सोडला तर कॉमेंट्रेटर हळहळतात, वहीत काही चढत नाही. जगातला हा एकमेव धंदा असेल जिथं पासबुकात फक्त जमेची बाजू छापलेली आहे.

अमेरिकेत तसं नाही. तिथल्या बेसबॉलमध्ये आपल्या कीपरचा चुलतभाऊ असतो, कॅचर. आपल्याकडच्या शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजांतल्या पोरांना तो सॉफ्टबॉलमुळं ओळखीचा आहे. तोंडाला जाळी, छातीला कवच, गुडघे मोडून बॅटरच्या मागं तासन् तास उकिडवा. त्याच्या पाठीमागं वाकून उभा पंच. म्हणजे तिथं कीपरवर नजर ठेवणारा पंच वीस पावलांवर नाही, मानेवर आहे. बॅटर बॅट फिरवत असताना तिला कॅचरचा ग्लोव्ह लागला तर बॅटरला पहिला बेस फुकट. आणि वहीत ‘ई-२’ अशी नोंद. ई म्हणजे चूक, दोन हा कॅचरचा क्रमांक. पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, नाव नाही, गाव नाही. ज्याचा हात मध्ये आला, त्याच्या नावावर चूक. इतकं सोपं काम लॉर्ड्सवाल्यांना अडीचशे वर्षांत सुचू नये?

तिथं याच्याही पुढची सोय आहे. पिचरचा चेंडू कॅचरच्या हातून निसटला आणि धावक पुढं सरकला, तर स्कोअरर ठरवतो की चेंडूच वाईट होता की कॅचर वाईट होता. चेंडू वाईट असेल तर ‘वाइल्ड पिच’, पिचरच्या नावावर. पकडण्यासारखा होता आणि सोडला, तर ‘पास्ड बॉल’, कॅचरच्या नावावर. शेजारी शेजारी दोन रकाने, दोघांची तोंडं दोन दिशांना.

हा कॅचरच्या लुडबुडीचा नियम तिथंही क्वचितच लागायचा. मग जेकोबी एल्सबरी नावाचा एक डावखुरा आला. तो उभा राहायचा मागं आणि बॅट फिरवायची उशिरा. बॅट वाटेत कॅचरच्या ग्लोव्हला घासून जायची. २०१६च्या एका हंगामात त्यानं अशा बारा वेळा पहिला बेस मिळवला, कारकिर्दीत एकतीस वेळा. ना हिट, ना मेहनत. दुसऱ्याच्या चुकीवर बारा महिने जगणारे लोक आपण जिल्हा परिषदेत पाहिलेत, मैदानात हा पहिलाच.

मात्र अमेरिकेचं कौतुक करताना जपून. तिथलाही पिचर सुटलेला नाही. तिसऱ्या बेसवरचा धावक घरच्या बेसकडं सुटलाय, आणि कॅचर हातात चेंडू नसताना बेसच्या पुढं येऊन उभा राहिला किंवा बॅटरच्या बॅटला भिडला, तर पंच काय देतो? बॉक. म्हणजे पिचरची चूक! धावक घरी, बॅटर पहिल्या बेसवर, आणि पिचर बिचारा उंचवट्यावर उभा राहून विचार करतोय की मी तर नुसता चेंडू टाकला. तसंच कॅचरच्या चौकटीचं. त्रेचाळीस इंच रुंद, आठ फूट लांब अशी ती चौकट. बॅटरला मुद्दाम फुकट बेस द्यायचा असतो तेव्हा पिचरच्या हातातून चेंडू सुटायच्या आत कॅचरनं तिच्याबाहेर पाय टाकला, तर पुन्हा बॉक, पुन्हा पिचर. मोठ्या लीगमध्ये २०१७पासून असा फुकट बेस चेंडू न टाकता नुसत्या खुणेवर देतात, त्यामुळं त्या चौकटीला तिथं आता फारसं काम उरलेलं नाही. मुद्दा असा की ई-२ लिहिणारा हुशार देशसुद्धा अडचणीच्या प्रसंगी चेंडू टाकणाऱ्याचीच कॉलर धरतो. दिसतो तो, म्हणून सापडतो तो.

कीपरच्या वस्तूंचंही एक प्रकरण आहे. १० जून २०२२, मुलतान. पाकिस्तानचा कप्तान बाबर आझमनं कीपर रिझवानचा एक ग्लोव्ह हातात चढवला आणि चेंडू अडवला. का चढवला, ते त्यालाच ठाऊक. कायदा म्हणतो की मैदानात ग्लोव्हज घालायचा अधिकार फक्त कीपरला. वेस्ट इंडीजला पाच धावा बहाल. त्या पाच धावा बाबरच्या नावावर? नाही. बॉलरच्या? नाही. अवांतर. पाकिस्तान १२० धावांनी जिंकलं, त्यामुळं कुणी आठवणही काढली नाही. बेसबॉलमध्ये कॅचरनं मुखवटा काढून त्या मुखवट्यानं पिचरचा चेंडू मुद्दाम अडवला तर धावकांना एक बेस पुढं मिळतो. कीपरमागं ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला तर आपल्याकडं पाच धावा.

आता ही अक्कल बघा. हेल्मेट मागं ठेवलं, पाच धावा गेल्या, बॉलरला झळ नाही. ग्लोव्हज पुढं आले, एक धाव गेली, ती बॉलरच्या मानगुटीवर. म्हणजे कीपरनं बॉलरवर उपकार करायचे असतील तर छोटी चूक करू नये, मोठी करावी.

हे सगळं कॅमेऱ्यांच्या जगातलं. आपल्या वऱ्हाडात काय?

अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, कुठंही जा. काळ्या मातीचं मैदान, रेषा चुन्याची, दोन षटकांत पुसलेली. मंडपात रोख बक्षिसाचा बॅनर, त्यावर बक्षिसापेक्षा मोठा नेत्याचा फोटो. कर्ण्यावर कॉमेंट्री, निम्मी खेळाची आणि निम्मी देणगीदारांची. आणि लेग अंपायर? बॅटिंग करणाऱ्या संघातला जो खेळाडू आठव्या-नवव्या नंबरावर येणार, तो. पॅड बांधून, हातात बॅट घेऊन, तिच्यावर रेलून उभा. त्याचं अर्धं लक्ष स्कोअरकडं, अर्धं मोबाइलकडं. कीपरच्या ग्लोव्हजकडं बघायला तिसरं अर्धं आणायचं कुठून?

तरी एखादा नियम वाचलेला निघतोच. टीव्हीवर वानखेडेचा तो प्रकार बघून आलेला. शेवटचं षटक, चार चेंडूंत अकरा हव्यात, याच्याच संघाचा सेट बॅट्समन स्टंप होतो आणि याचा हात आडवा होतो.

“नोबॉल!”

“काहून बे? बॉलरचा पाय तं मांगं होता.”

“पायाचा नाई. कीपरचा हात पुढं होता.”

“मंग बॉल कीपरच्या हातानं टाकला का?”

या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. वरुण चक्रवर्तीनं इंग्रजीत विचारलं तेव्हा बातमी झाली. आमच्या पोरानं वऱ्हाडीत विचारलं तेव्हा भांडण झालं. प्रश्न तोच.

आणि भांडणात एक मुद्दा बरोबर निघतो. एकोणीस षटकं कीपर तिथंच उभा होता, तेव्हा हा नियम कुठं होता? मार्चअखेर आला की चौकात अचानक हेल्मेटचा कायदा जिवंत होतो, तशातला प्रकार. नियम खरा असतो, पावतीही खरी असते, फक्त मुहूर्त संशयास्पद असतो. क्वचित लागणाऱ्या नियमाची हीच अडचण आहे. तो लावला तर पक्षपात वाटतो आणि नाही लावला तर कुणाला कळतही नाही. पायाचा नो-बॉल चुकला तर शंभर माणसं ओरडतात. ग्लोव्हजचा नो-बॉल दिला तर शंभर माणसं ओरडतात. मग शहाणा पंच काय करतो, सांगायला नको.

खरं तर शहाणा पंच एक तिसरी गोष्ट करतो. पहिल्या वेळी ग्लोव्हज पुढं दिसले की षटक संपल्यावर जाता जाता कीपरच्या कानाशी म्हणतो, “भाऊ, जरा मांगं रायजो.” कीपर मान हलवतो. दहा षटकं सुखात जातात. या कानगोष्टीची तरतूद कुठल्याच कलमात नाही, पण हे नियम इतके क्वचित लागले त्यात तिचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतला पंच तर कॅचरच्या मानेवरच असतो, त्याला कुजबुजायला पाऊलही उचलावं लागत नाही. कॅमेरा कुजबुजत नाही. तो दहा वेळा गप्प बसतो, आणि अकराव्या वेळी विकेट पडली की तपासायला बसतो. वानखेडेवर कुणी आधी क्लासेनच्या कानाला लागलं असतं तर झीशानची विकेट वाचली असती.

आमच्याकडं एक अवस्था अशीही आहे जिच्यापुढं एमसीसीनं हात टेकावेत. गल्लीत पोरं सात आली. सातातून दोन संघ, वर एक कॉमन. मग कीपर कुठून आणायचा? बॅटिंगवाल्या संघाचाच. आता हा कीपर स्टंपांच्या पुढं हात घालून उभा राहिला तर नो-बॉल, आणि त्याची धाव त्याच्याच संघाला. लबाडी करणारा, फायदा घेणारा आणि पंचाची बाजू मांडणारा एकच इसम. बॉलर मात्र इथंही दुसऱ्याच संघाचा, आणि धाव त्याच्याच नावावर. गल्ली असो की लॉर्ड्स, तेवढी एक परंपरा अबाधित आहे.

या सगळ्यात अमरावतीचा माणूस कुठं बसतो? जितेश शर्मा. जन्म अमरावतीचा, विदर्भाकडून घडलेला, धंद्यानं विकेटकीपर. २७ मे २०२५ला लखनौत तो बंगळुरूचा त्या दिवसापुरता कप्तान होता. समोर २२७ धावा होत्या. जितेश ४९वर असताना १७व्या षटकात दिग्वेश राठीच्या चेंडूवर रिव्हर्स स्वीप करायला गेला आणि कॅच उडाला. पकडला गेला. पण दिग्वेशचा मागचा पाय बाजूच्या रेषेला लागलेला निघाला. मागच्या पायाचा नो-बॉल! हा नियम कित्येक पंचांनी परीक्षेत लिहून झाल्यावर परत वापरलेला नसतो. जितेश परत आला. त्याच षटकात दिग्वेशनं चेंडू टाकायचं सोडून दुसऱ्या टोकाला पुढं सरकलेल्या जितेशच्या बेल्स उडवल्या आणि अपील केलं. तिसऱ्या पंचांनी नाबाद दिलं, कारण बॉलर चेंडू सोडायच्या टप्प्याच्या पुढं निघून गेला होता. समोरचा कप्तान आणि कीपर होता ऋषभ पंत. होय, राजकोटवालाच. त्यानं अपील मागं घेतलं. जितेशनं त्याला मिठी मारली. देशभर खिलाडूवृत्तीचा गजर झाला.

मला ती मिठी आवडली. पण पंच नाबाद म्हणणारच होते तिथं अपील मागं घेण्यात पंतच्या खिशातून गेलं काय? आणि दिग्वेशच्या खात्यावर त्या षटकात काय काय चढलं, ते मोजा. नो-बॉल स्वतःचा होता, तो कबूल, त्याचा पाय, त्याचं कर्ज. पण धावबादच्या प्रयत्नाची बदनामीही त्यालाच, आणि मोठेपणा कीपरला. १९४७च्या डिसेंबरात सिडनीत बिल ब्राउन रेषा सोडून पुढं गेला, विनू मांकडनं त्याला बाद केलं, आणि पुढची पंच्याहत्तर वर्षं बट्टा मांकडच्या नावाला लागला. रेषा सोडणारा ब्राउन कुणाला आठवतो? २०२२मध्ये हा प्रकार अनुचित खेळाच्या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात टाकला. बॉलरला कागदावर तेवढी एक सुटका मिळाली. कागदावरच.

जितेशनं त्या रात्री ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या आणि सामना जिंकून दिला. अमरावतीत फटाके वाजणारच. कीपर बॅटिंगला आला की नियम त्याला वाचवतात, कीपिंगला गेला की नियम त्याला ओळखत नाहीत. धंदा निवडावा तर असा.

एक प्रकरण मात्र असं आहे जिथं कीपरला खरंच पकडता आलं असतं. ४ एप्रिल २०२१, जोहान्सबर्ग. शेवटच्या षटकाचा पहिला चेंडू. पाकिस्तानचा फखर झमान १९३वर, दुसरी धाव घेत स्टंपांकडं येतोय. कीपर क्विंटन डी कॉकनं दुसऱ्या टोकाकडं बोट दाखवलं, जणू थ्रो तिकडं चाललाय. फखर मागं वळून बघत सुस्तावला. थ्रो इकडंच आला, फखर धावबाद. ४१व्या कलमात लिहिलंय की बॅट्समनला मुद्दाम फसवलं तर तो नाबाद, वर पाच धावा, वर त्या धावाही धरायच्या. पाकिस्तान हरलं १७ धावांनी, आणि हे कलम लागलं असतं तर मैदानात द्विशतकाच्या तोंडावरचा माणूस राहिला असता. पंचांनी काही दिलं नाही. कारण नियमात ‘मुद्दाम’ हा शब्द आहे, आणि डी कॉकच्या मनात डोकवायला स्टंप-कॅमेरा नाही. फखरनंही दिलदारपणानं सांगितलं की चूक माझीच, मी पलीकडच्या हारिस रौफकडं बघत होतो. बघा, इथं तर बाद झालेल्या माणसानं स्वतः उठून कीपरचं कर्ज फेडलं.

तेव्हा इलाज काय? मी सुचवतो तो स्वस्त आहे. येत्या हंगामात अमरावती-अकोल्यातल्या एखाद्या स्पर्धेनं स्कोअरबुकात एक उभी रेष जास्तीची मारावी. वर लिहावं: कीपर, नावे. ग्लोव्हजचा नो-बॉल तिथं, हेल्मेटच्या पाच तिथं, पकडण्यासारखा असून सोडलेल्या बाय तिथं. बॉलरच्या नावावर फक्त बॉलरचं. एमसीसीची परवानगी लागत नाही, टेनिस बॉलला तशीही ती कधी घेतलेली नाही. महिन्याभरात कळेल की ज्याला आपण ‘भिंत’ म्हणतो त्याच्यातून किती पाणी झिरपतं.

एका आयोजकाला हे सांगून पाहिलं. त्यानं शांतपणे ऐकलं.

“आयडिया बराबर आहे, भाऊ. पण स्कोअरबुक कोनाचं?”

“तुमचं.”

“माह्यं नाई. ते किटबॅगेत असते. किटबॅग टीमच्या कॅप्टनची. बॅट त्याच्या, स्टंप त्याचे, बॉल त्याच्या पैशाचे.”

“मग कॅप्टनला सांगा.”

“सांगतो नं. पण ग्लोव्हजबी त्याचेच आहेत. दुसऱ्याले घालू देत नाई. कीपर तोच आहे.”